नावं ठेवणं

दर पानाला चाळीस पैसे.
उदगीरच्या जुन्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
खिडकीला काळा पुठ्ठा लावून
मी पुस्तकांचे फोटो काढते.
कंत्राट लातूरच्या कंपनीचं, दिवा माझ्या भावाचा.

पहिल्याच आठवड्यात एक उर्दू वही
डावीकडून उलटत गेले.
दोनशे बारा पानं झाली, तेव्हा
बांधणीवाले दस्तगीरचाचा चहा घेऊन आले,
स्क्रीनकडे बघितलं आणि हसत खालीच बसले:
"मरने से शुरू करी तू, पैदा होने तक आई."
सगळी पुन्हा काढली. पैसे एकदाचेच मिळाले.
आता कुठलीही वही हातात आली
की आधी विचारते, हिचं तोंड कुणीकडे.

नियम छापून दिलेत.
समास कापायचा. डाग पुसायचे.
मागे डकवलेली तारखांची चिठ्ठी घ्यायची नाही,
ती पुस्तकात धरत नाहीत.

परवा एका शाळामास्तरची वही निघाली.
गावोगावचे आड त्यानं दोर सोडून मोजलेले,
किती परस, कुठल्या महिन्यात तळ दिसला.
आणि समासात, पेन्सिलीनं, दुसऱ्याच हातानं:
"हे खोटं. खालच्या वाडीचा आड आटला नव्हता.
माझी माय तिथूनच पाणी आणायची."

मी समास कापला नाही.
चिठ्ठीही घेतली.
चिठ्ठीवर बहात्तर-त्र्याहत्तर साल, अकरा तारखा,
अकराही वेळा वाचक क्रमांक तीनशे सहा.

वाचकांचं रजिस्टर वाळवीनं कधीच वाचून संपवलंय.
म्हणून बिरादार सरांना विचारलं.
सरांनी डोळे मिटले,
तसेही त्यांना उघड्या डोळ्यांनी आता कमीच दिसतं.
"तीनशे सहा म्हणजे धोंडीराम पांचाळ. आड खणायचा.
अक्षर येत नव्हतं त्याला,
आकडे तेवढे यायचे."

मग पेन्सिलीचा हात कुणाचा?
सरांना ठाऊक नाही.
ठाऊक नाही, हेही मी लिहून ठेवलं.

कंपनीच्या यादीत ही वही
'यूडीजी शून्य शून्य सत्तेचाळीस' आहे.
या नावानं तिला कोण हाक मारणार?
सर म्हणतात, पुस्तक जळून मरतं, भिजून मरतं,
पण सगळ्यात सावकाश मरतं
ते चुकीच्या फळीवर ठेवलं की.

सासरी मला सगळे नावं ठेवतात,
दिवसभर त्या अंधारात काय करलालीस म्हणून.
मी तरी दुसरं काय करते?
फोटो झाला की नावंच ठेवत बसते:
आड. बारव. विहीर. पाणी. परस. दुष्काळ.
धोंडीराम पांचाळ. खालची वाडी. माय.
'वीहीर' असंही एकदा लिहिते, मुद्दाम,
कारण शोधणारा घाईत असेल,
ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली म्हणून
कुणी तहानलेला परत जाऊ नये.

नावांचे पैसे कंपनी देत नाही.
लातूरहून फोन आला: समास का राहिलेत?
मशीन बिघडलंय, म्हटलं.
कुठलं ते त्यांनी विचारलं नाही.

काल दुपारी लाईट गेली.
इन्व्हर्टर तीनदा टींटीं करून झोपला.
माझं सगळं काम त्या डबीत बंद,
नावांसकट.
अंधारात सर उठले, भिंत धरत गेले,
चौथी फळी, डावीकडून सातवी,
फडक्यात बांधलेली वही माझ्या हातात दिली.
तीच. आडांची.

मी म्हटलं, सर,
हे तुमच्या डोक्यातलं कपाट
कुठल्या नावानं ठेवू?

खाली दस्तगीरचाचांची हातोडी वाजत होती.
सर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.
तोवर रोज चारला येत जा.
आणि कागद आण, साधा.
त्याला लाईट लागत नाही."